चिंचेवरच्या पिंगळ्यांची मोजणी

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. गडमुडशिंगीच्या शिवेवरच्या चिंचेसमोर बायडाबाईंनी माझ्या तोंडावरचे पितळी झाकण काढले, सहापर्यंत मोजले आणि झाकण परत बसवले. वार मंगळवार, तारीख १८ फेब्रुवारी १९१३. घडले ते एवढेच.

मित्रांनो, मी तो कॅमेरा. आता जुना झालो आहे आणि कोल्हापुरात शनिवार पेठेतल्या एका घरात, कपाटाच्या डोक्यावर बसून असतो. त्या सहा आकड्यांपुढे काय काय झाले ते तुम्हाला सांगायचे आहे. जे मी स्वतः पाहिले ते पाहिले म्हणून सांगेन आणि जे ऐकले ते ऐकले म्हणून.

माझा जन्म १८९९ सालचा. फक्त माझे भिंग परदेशातून मुंबईला आणि मुंबईहून रेल्वेने इथे आले. बाकी मी अस्सल कोल्हापूरचा. माझी पेटी इथल्याच सुताराने सागवानात केली. पेटीच्या पुढे-मागे सरकणारा घडीचा भाता मात्र कोणाला जमेना. तेव्हा माझे मालक मीरासाब हे पिराजी नावाच्या चपला शिवणाऱ्या कारागिराकडे गेले. पिराजींनी आयुष्यात कॅमेरा पाहिला नव्हता. त्यांनी मीरासाबांचे सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "म्हंजे आत उजेड शिरता कामा न्हाय, आसंच की न्हाय? मग चपलीत पाणी शिरू देत न्हाय मी, उजेड काय शिरतोय!" त्यांनी शेळीच्या कातड्याचा भाता दुहेरी शिवून दिला. वीस वर्षे त्यातून उजेडाचा कणही आत आला नाही. पहिल्या पावसाळ्यात मात्र माझ्यासमोर बसणारी गिऱ्हाइके नाक वर करून विचारीत, "नवी चप्पल घेतलीसा काय मीरासाब?"

मी लग्नाची जोडपी पाहिली, शाळेचे वर्ग पाहिले, तालमीतले पैलवान पाहिले. पैलवानांइतके अवघड काही नाही. समोरचा गडी अंगावर आला तर ते तसूभर हलत नाहीत, पण माझ्यासमोर सहा सेकंद स्थिर राहा म्हटले की त्यांची मान डुलू लागते. मीरासाब त्यांच्या मानेमागे लोखंडी चिमटा लावीत.

आमच्या घरातली खरी कारागीर मात्र मीरासाबांची बायको इमामबी. माझ्या आत काचेची प्लेट असे. ती धुतली की तिच्यावर उलटे चित्र उमटे, काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे. इमामबी ती काच खिडकीत तिरकी धरून बसत आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने तिच्यावरचे दोष भरीत. तोंडावर देवीचे वण असले की प्लेटीवर तिथे बारीक उजेडाचे ठिपके दिसतात. प्लेटीवर धूळ बसली तरी तसेच ठिपके पडतात. इमामबी असा प्रत्येक ठिपका पेन्सिलीने बुजवीत, आणि मग कागदावर छापलेला चेहरा लोण्यासारखा स्वच्छ येई. त्यांच्या खिडकीतून गेलेल्या माणसाला पुढे घरचा आरसा आवडेनासा होई.

आता कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीकडे वळू.

बायडाबाई विधवा होत्या. शिवेवर त्यांचा जमिनीचा एक तुकडा आणि त्यात ती चिंच. वर्षाचे मीठ-मिरची त्या चिंचेवर निघे. तिचा बुंधा इतका जाड की तिघांनी कवेत घ्यावा, आणि पहिल्या फांदीच्या बेचक्यात भलीमोठी ढोली. त्या हिवाळ्यात दिवस कलला की झाडातून किरकिर, चिरचिर, मग एकदम भांडल्यासारखा गलका ऐकू येई. कोणाला म्हणे डोळे दिसले. जानेवारीत पाटलांच्या पुतण्याचा बैल तिथे बुजला, गाडी कलंडली आणि पुतण्याचा हात मोडला. रविवारी, १६ फेब्रुवारीला, चावडीत ठरले की झाडात हडळ आहे आणि आठवडाभराने, सोमवारी २४ तारखेला, चिंच तोडायची.

गावच्या शाळेचे त्र्यंबक मास्तर चावडीत उभे राहून म्हणाले, "अहो, ते पिंगळे आहेत. छोटी घुबडं. ढोलीत राहतात."

आकाराम पाटील म्हणाले, "मास्तर, पिंगळा आमाला म्हाईत न्हाय व्हय? पिंगळा असता तर दिवसा दिसला असता की. चार दिस झाडाखाली हुबा ऱ्हायलोय मी. पान न्हाय हललं."

खरी अडचण हीच होती. पिंगळे दिवसाही तिथेच, ढोलीच्या तोंडाशी बसलेले असत. पण त्यांच्या पाठी सालीच्या रंगाच्या आणि पाठीवरचे पांढरे ठिपके सालीवरच्या बुरशीसारखे. डोळे मिटून खोडाला चिकटून बसले की खोडच दिसे. माणसांचा घोळका जवळ आला की ते आत सरकत. म्हणजे पाहायला जावे तर दिसत नाहीत आणि दाखवायला न्यावे तर राहत नाहीत. बायडाबाई रोज सकाळी झाडाखाली झाडलोट करीत, पडलेल्या चिंचा वेचीत. त्यांना पाखरे ओळखत. पण त्या बोलल्या की भाऊकी म्हणे, "तुझं झाड, तू त्याचीच कड घेणार."

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मास्तर टांगा करून आमच्या दारात आले. म्हणाले, "मीरासाब, उडून जाणार नाही असा पिंगळा मला हवा. कागदावरचा."

त्याच दिवशी चार वाजता मला चिंचेपासून आठ हातांवर तीन पायांच्या तिकाटण्यावर उभे केले गेले. मीरासाबांनी ढोलीवर भिंग जुळवले. काळे फडके पाहून पाखरे बिचकतील म्हणून बायडाबाईंनी आपली रोजची घोंगडी माझ्यावर टाकली. "ह्या वासाला ती सरावलीत," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत मीरासाबांनी प्लेट आत घातली, तिच्यावरची उजेड अडवणारी पट्टी काढून ठेवली आणि ते मास्तरांसह बांधाआड जाऊन पालथे पडले. राहिले फक्त झाकण. ते काढायचे काम बायडाबाईंचे. त्या नेहमीसारख्या झाडत झाडत आल्या. ढोलीच्या तोंडाशी काही हलले आणि स्थिर झाले. त्यांनी झाकण काढले आणि धान्य मापताना एकाला 'लाभ' म्हणून मोजतात तसे मोजले, "लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा."

मित्रांनो, मी शेकडो माणसे पाहिली, पण इतके शहाणे गिऱ्हाईक मला कधी मिळाले नाही. ना चिमटा, ना खुर्ची, ना 'हलू नका' म्हणून ओरडणे. सहा सेकंद एक पीसही हलले नाही. उन्हाने त्यांनी डोळे अर्धे उघडले होते, तेवढेच. मला इतका आनंद झाला होता की भाता फुगला असता तर नवल नव्हते. मीरासाब दुसरी प्लेट घालायला उठले आणि पाखरे ढोलीत गेली. प्लेट एकच मिळाली.

गुरुवारी मास्तर छापलेला फोटो घेऊन चावडीत गेले. तिथे मी नव्हतो. मास्तरांनी नंतर सांगितले तसे सांगतो.

पाटलांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "ह्यो झाडाचा फोटो झाला की, मास्तर. झाड आमी रोजच बघतोय."

"हा इथं बघा. ढोलीच्या डावीकडं."

"ही साल हाय."

"मग हा."

"ही बी सालच हाय."

मास्तरांनी पाखरे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, पण फोटोत ती त्यांनाच सापडेनात. बोट सालीवरून नुसते फिरत राहिले. पाटील म्हणाले, "मास्तर, तुमचं बोट थांबंना झालंय. फोटोतनं बी उडाली काय?" चावडी हसली. मग वीस-पंचवीस जण खात्री करायला झाडाकडे गेले, कोणी ढोलीत दगड टाकले, आणि त्यानंतर पाखरांनी दिवसा बाहेर येणेच सोडले. म्हणजे दुसरा फोटो घेण्याची वाट बंद झाली. बायडाबाई मास्तरांना एवढेच म्हणाल्या, "तुमी लई धडपड केलासा. आता सोमवारी मी काय हितं थांबत न्हाय. भावाकडं जाते. तोडताना बघवायचं न्हाय."

शुक्रवारी दुपारी मास्तर आमच्याकडे आले, तेव्हा मीरासाब जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. इमामबी खिडकीत होत्या. मी शेजारच्या टेबलावर होतो, म्हणून पुढचे माझे स्वतःचे ऐकलेले आहे.

मास्तर उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "भाभी, फोटोत पाखरं आली नाहीत."

"कंची पाखरं?"

"पिंगळे. ढोलीजवळचे."

"मला कुणी पाखरं सांगितलीच न्हाईत की. हे म्हणाले, झाडाचा फोटो हाय, साफ करून ठेव. मी झाड साफ केलं. लई धूळ बसलीवती प्लेटीवर."

"धूळ?"

"टिपकं हो. बारीक, खसखशीएवढं. काचेतनं उजेड यायचा. सगळं भरलं पेन्सिलीनं." असे म्हणता म्हणता इमामबी थांबल्या. हातातली पेन्सिल त्यांनी खाली ठेवली. "पण मास्तर... जोडीजोडीनं होतं ते टिपकं. मला तवाच वाटलंवतं, धूळ एवढी शिस्तीत कशी बसली?"

मग इमामबींनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! मी डोळं मिटवलं त्यांचं!"

मित्रांनो, इथे मला माझा वाटा कबूल केला पाहिजे. पिंगळ्याचे डोळे पिवळेधमक असतात. अंग कितीही सालीसारखे असले तरी त्या पिवळ्या डोळ्यांनी तो सापडतो. पण माझ्या त्या काळच्या प्लेटींना पिवळा रंग कळतच नसे; त्यांच्या लेखी पिवळे म्हणजे काळे. त्यामुळे जी एकच खूण राहायची ती मी कागदावरच्या काळ्या, म्हणजे काचेवरच्या उजेडाच्या, ठिपक्यांवर आणून ठेवली, आणि इमामबींनी तीही बुजवली. चूक दोघांची मिळून झाली.

मीरासाब आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "झाडाचा फोटो म्हणालो, त्यात खोटं काय?"

"खोटं न्हाय, अर्धं हाय," इमामबी म्हणाल्या. "त्यात पाखरं हायत म्हणून सांगायला तोंड दुखत होतं?"

"मला वाटलं, दिसतीलच की."

मास्तर त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसले. "दिसली असती तर मी तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

पेन्सिल काढायची तर टर्पेंटाइनने काच पुसावी लागते. काच एकच. बोळा जोरात फिरला असता तर पेन्सिलीबरोबर साल, ढोली, सगळेच निघून आले असते. इमामबींनी कोणाला जवळ येऊ दिले नाही. कापसाचे बोटभर टोक करून त्यांनी एक एक ठिपका मोकळा केला, आणि प्रत्येक जोडी मोकळी झाली की त्या मोठ्याने सांगत, "हा एक. हा दुसरा, ह्याचं डोकं जरा वाकडं हाय. हा तिसरा." चार जोड्या झाल्या. मग आणखी एक ठिपका निघाला, अगदी कडेला, एकटाच.

"ही मात्र धूळ," इमामबी म्हणाल्या. पण या वेळी त्यांनी पेन्सिल उचलली नाही.

शनिवारी गच्चीवर उन्हात नवा फोटो छापला. रविवारी, २३ तारखेला, आम्ही सगळे बैलगाडीने निघालो. मला सोबत घेतले ते लागलोच तर असावा म्हणून. इमामबींनी डोक्यावरून पदर घेतला आणि मीरासाबांना बजावले, "चावडीत जायचं न्हाय. आधी बायकांत बसायचं. बाप्ये बघत न्हाईत, नुसतं बोलत्यात."

बायडाबाईंच्या अंगणात आठ-दहा बायका जमल्या. त्यांत पाटलांच्या मालकीण शालूबाईही होत्या. इमामबींनी फोटो मांडीवर धरला आणि पाखरू न दाखवता म्हणाल्या, "झाड बघू नगा. खसखस हुडका. दोन-दोन दाणं शेजारी."

बायकांची डोकी फोटोवर वाकली. मग शालूबाई एकदम मागे सरल्या. "अगं बया! ह्यो तर माझ्याकडंच बघतोय की!"

"कुठं गं, कुठं?"

"ह्यो काय! ह्यो डोळा, ह्यो डोळा, ही चोच!"

एकदा एक सापडला की मग थांबणे कठीण. दुसरा सापडला तेव्हा टाळी झाली, तिसऱ्याला हशा. बायकांचा तो गलका ऐकून चावडीतले पुरुष आले. सर्वांत पुढे आकाराम पाटील.

शालूबाईंनी फोटो त्यांच्या हातात दिला. "बघा."

पाटलांनी पाहिले. "साल हाय."

"आंधळं हायसा काय? जवळ धरा."

पाटलांनी जवळ धरला. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो; त्यांचा चेहरा मला नीट दिसत होता. पहिल्यांदा कपाळाला आठ्या, मग एक भुवई वर, मग दोन्ही. तोंड उघडेच राहिले. "आयला! हाय की!" फोटो हातातून पडायचा राहिला. "मुठीएवढं पाखरू! आनि ह्यानं आमची गाडी उलटीवली व्हय?"

"पाखरानं न्हाय उलटीवली," बायडाबाई म्हणाल्या. त्या आठवड्यात त्या चारचौघांत पहिल्यांदा बोलल्या. "बैल बुजला. आनि तुमचा पुतण्या गाडीत झोपलावता."

लोक इतके हसले की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. हात गळ्यात बांधलेला पुतण्याही हसला.

आता सगळ्यांना मोजायचे होते. मास्तर म्हणाले, "चार." इमामबी म्हणाल्या, "चारच." पाटलांचे डोळे मात्र फोटोवरून हलेनात. त्यांनी नखाने कडेचा एकटा ठिपका दाखवला. "आनि ह्यो? ह्यो पाचवा. आडोशाला बसलाय, एकच डोळा दिसतोय."

"ती धूळ हाय, पाटील," इमामबी म्हणाल्या.

"धूळ म्हणून तर चार पाखरं पुसलीसा की, भाभी! आता पाचवं बी पुसतासा?"

इमामबींनी ठिपक्याकडे नेलेले बोट मागे घेतले. मला तरी हे दृश्य पहिल्यांदाच दिसत होते. मीरासाबांनी तोंड फिरवून हसू लपवले. मनातून ते खूश झालेले दिसत होते.

मास्तर म्हणाले, "पाटील, चार असोत की पाच. उद्याचं काय?"

बायडाबाईंनी पदराचे टोक मुठीत धरले होते. भाऊकीतला एक जण मागून म्हणाला, "ठरलंय ते ठरलंय. कुऱ्हाडी पाजळून ठेवल्यात."

पाटलांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. "चावडीत हडळ ठरलीवती. हडळ न्हाय, पाखरं हायत. मग ठराव कशाचा ऱ्हायला? आधी हायत किती ते मोजू. मोजणी हुईस्तवर कुऱ्हाड न्हाय."

"मोजणार कोण?" बायडाबाईंनी विचारले.

"मी. तुमची ती घोंगडी द्या म्हंजे झालं."

सोमवारी सकाळी कुऱ्हाडी ज्यांच्या त्यांच्या घरी राहिल्या. आकाराम पाटील घोंगडी पांघरून चिंचेपासून आठ हातांवर बसले होते. बायडाबाई भावाकडे गेल्या नाहीत; त्या चिंचा वेचीत होत्या आणि मधून मधून म्हणत होत्या, "पाटील, घोराय लागलासा. उडत्यात ती."

पुढे काही वर्षे माझी खूप वाहवा झाली. गडमुडशिंगीत लग्न असले की मीच हवा असे. मग बाजारात गुंडाळीच्या फिल्मचे लहान कॅमेरे आले आणि मीरासाबांनी त्यातला एक घेतला. मला कपाटावर ठेवले गेले. सुरुवातीला दर दिवाळीत भात्याला तेलाचा हात मिळे. गेली तीन वर्षे मिळालेला नाही, आणि पिराजींच्या शिवणीशेजारी एक भेग गेली आहे. मी तक्रार करीत नाही, नोंद करतो.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे जुने यंत्र पडून असेल तर त्याला वर्षातून एकदा तेलाचे बोट लावा. आणि एखाद्या झाडासमोर उभे राहून 'इथे काही नाही' असे म्हणण्याआधी बायडाबाईंसारखे मोजा, लाभपासून सहापर्यंत. दगड मारायला किंवा हात घालायला जाऊ नका. पाखरू तिथे असले तर ते तुमच्याकडे पाहतच असेल.

ताजी बातमी रविवार, ७ मार्च १९२० ची आहे. त्र्यंबक मास्तरांची बदली आजऱ्याला होऊन दोन वर्षे झाली. तरी चिंचेवरचे पिंगळे मोजायला ते येतातच, आणि परतताना आमच्याकडे चहाला थांबतात. त्यांनी सांगितले ते असे. चिंच उभी आहे. बायडाबाईंनी या वर्षीच्या चिंचा उतरवायला घेतल्या आहेत, ढोलीकडची फांदी सोडून. त्या सकाळी मास्तरांनी सहा पिंगळे मोजले. पाटील म्हणतात सात. मोजणी संपलेली नाही.